करवत कोणाच्या हातात?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या प्रांगणात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, बँकेतला माणूस म्हणून गुंतवणुकीवर नाहीतर ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींवर बोलायला सांगतील. ते म्हणाले, "काका, झाडांवर बोला." मग माझ्या लक्षात आलं. येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव आहे. रौप्यमहोत्सवी निधीतून सोसायटीनं स्वतःची पेट्रोलवर चालणारी चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, विकत घ्यावी, दरवर्षीचा छाटणीचा खर्च वाचेल, असा तो ठराव आहे. ठराव मांडणारे आपले तरुण सभासद आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे आणि हिशेबही कागदावर बरोबर आहे. पण असाच एक बरोबर हिशेब मी २००८ साली केला होता. त्याबद्दल मी इतकी वर्षं कुठल्याच सभेत बोललो नाही. आज बोलतो.

आपली सोसायटी २००० साली रजिस्टर झाली. घोडबंदर रोडला तेव्हा आजच्यासारखे टॉवर नव्हते. आपल्या प्लॉटवर बांधकामाच्या आधीपासूनची काही मोठी झाडं होती, ती बिल्डरनं राखली. गेटजवळचा आंबा त्यातलाच. जुन्या सभासदांना आठवत असेल, ए विंगच्या मागे, जिथं आता दुचाकी लावतो, तिथं एक सोनमोहर होता. एप्रिल-मे मध्ये खाली पिवळ्या फुलांचा सडा पडायचा. काही जणांना तो आवडायचा, काही जणांना गाडीवर पडलेली फुलं आवडायची नाहीत. सोसायटी म्हटलं की दोन्ही आलंच.

२००८ च्या मे महिन्यात त्या सोनमोहराच्या फांद्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना टेकू लागल्या. तेव्हा मी खजिनदार होतो. नोकरीत असल्यामुळे नियम अंगात मुरलेले. तीन कोटेशन मागवली. एक साडेसहा हजारांचं, एक नऊ हजारांचं, एक चौदा हजारांचं. चौदा हजारवाल्यानं लिहिलं होतं की माणसांचा विमा, सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, फांद्या दोरानं उतरवणं, सगळं धरून. साडेसहावाल्यानं एकच ओळ लिहिली होती: झाड छाटून देऊ. बँकेत सर्वात कमी दराचं कोटेशन नाकारायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. मला कारण सुचलं नाही. मी साडेसहावर सही केली, आणि सोसायटीचे साडेसात हजार वाचवले म्हणून मीटिंगमध्ये टाळ्याही मिळाल्या.

कामाला तीन जण आले. वर चढला तो मुरबाडकडचा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. अनवाणी. कमरेला नायलॉनचा दोर. हातात विजेवर चालणारी चेनसॉ, आणि तिची वायर पहिल्या मजल्यावरच्या एका घरातून खिडकीतून काढलेली. मी खाली उभा राहून बघत होतो. त्यानं डाव्या हातानं फांदी कवटाळली होती आणि उजव्या हातात एकहाती करवत. फांदी कापता कापता पात्याचं टोक शेजारच्या फांदीला लागलं. करवत उसळली आणि त्याच्या डाव्या हातावर आली. मनगटाच्या वर, कोपराच्या खाली. मी पुढचं वर्णन करत नाही, समोर लहान मुलं बसली आहेत. दोर होता म्हणून तो खाली पडला नाही. दोघांनी वर जाऊन त्याला उतरवलं. रिक्षानं आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं नंतर नीट मिटली नाहीत.

कंत्राटदारानं त्याच्या हातावर दोन हजार ठेवले आणि फोन उचलणं बंद केलं. आपल्या मीटिंगमध्ये चर्चा झाली. माणूस कंत्राटदाराचा, आपला संबंध नाही, असं ठरलं. मीही मान डोलावली. त्या वर्षीच्या आपल्या हिशेबात नोंद आहे: झाड छाटणी, रुपये ६,५००. ऑडिटरनं खूण केली. त्या मुलाच्या हाताची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

हे सांगायचं कारण रडकथा सांगणं नव्हे. त्या दिवशी नेमकं काय चुकलं, हे मला पुढे वाचून, विचारून, काम करणाऱ्या जाणत्या माणसांजवळ उभं राहून कळलं. ते तुम्हाला कळलं तर ठरावावर मत देताना उपयोगी पडेल.

आधी हे यंत्र काय आहे ते बघू. गंमत म्हणजे साखळीच्या करवतीची सुरुवात लाकडासाठी झालीच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या दोन डॉक्टरांनी, जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री यांनी, दातेरी साखळीची लहान करवत वापरली, ती हाड कापायला. पुढे १८३० च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने यानं हात फिरवून चालवायचं तसलंच हाड कापण्याचं उपकरण केलं. लाकडासाठी विजेची चेनसॉ जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये बनवली, पेट्रोलची १९२९ मध्ये. ती इतकी जड होती की धरायला दोन माणसं लागायची. एकट्यानं उचलता येईल अशी करवत दुसऱ्या महायुद्धानंतर आली. साखळीचे दातही तेव्हाच सुधारले. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्यानं एका भुंग्याच्या अळीला लाकूड पोखरताना पाहिलं. अळीचे जबडे डावी-उजवीकडे लाकूड खरवडत होते. त्यावरून त्यानं १९४७ मध्ये साखळीचा नवा दात बनवला. आजच्या बहुतेक साखळ्यांचे दात त्याच घडणीचे आहेत.

म्हणजे हाड कापायला निघालेलं यंत्र लाकडाकडे वळलं. हाड कापायचं ते अजून विसरलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता उसळी का येते ते सांगतो. साखळी पात्याच्या वरच्या कडेनं पुढे पळते, टोकाला वळसा घालते आणि खालच्या कडेनं परत येते. वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या पुढे. पात्याच्या टोकाचा जो वरचा पाव भाग आहे, तो कशाला लागला तर दात लाकडात रुततात, साखळी क्षणभर अडते, आणि सगळी ताकद पात्याला उलटी, वर आणि चालवणाऱ्याच्या दिशेनं फेकते. याला किकबॅक म्हणतात. पापणी लवायच्या आत होतं. तुमची ताकद, सावधपणा, तरुणपण, काही उपयोगी पडत नाही. म्हणून पहिला नियम: टोकानं कापायचं नाही, आणि टोक कुठं आहे ते सतत दिसलं पाहिजे.

दुसरा नियम: दोन्ही हात करवतीवर. डावा हात पुढच्या हँडलला, अंगठा खालून वळवून. पुढच्या हँडलच्या समोर जी प्लास्टिकची ढाल दिसते ती नुसती ढाल नाही, तो ब्रेक आहे. करवत उसळली की डावं मनगट त्यावर आपटतं आणि साखळी थांबते. त्या मुलाचा डावा हात फांदीवर होता. ब्रेक असता तरी दाबणार कोण? आणि त्याला दोन्ही हात करवतीवर ठेवायचे तर त्याला झाडाशी बांधून धरणारं दुसरं काहीतरी हवं. ते म्हणजे संपूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट, ज्याला हार्नेस म्हणतात. आपल्याकडे त्याला आयएस ३५२१ हे मानक आहे. कमरेला गुंडाळलेला दोर म्हणजे हार्नेस नव्हे. चौदा हजारांच्या कोटेशनमध्ये जे साडेसात हजार जास्त होते, ते याच दुसऱ्या हाताचे होते. मला ते तेव्हा वाचता आलं नाही.

तिसरी गोष्ट पात्याची लांबी. आपल्या सभासदांनी मला मोबाईलवर जी करवत दाखवली ती ५८ सीसीची, बावीस इंची पात्याची. पाच-सात हजारांत मिळते. लोकांना वाटतं, मोठं पातं म्हणजे चांगलं यंत्र. आपल्या आवारात छाटायच्या फांद्या जास्तीत जास्त सहा-आठ इंच जाडीच्या. त्याला बारा-चौदा इंची पातं पुष्कळ झालं. बावीस इंची पात्याचं उरलेलं टोक फांदीच्या पलीकडे बाहेर राहतं, आणि कशाला तरी लागायची वाट बघतं.

चौथी गोष्ट, यंत्र विजेचं, बॅटरीचं की पेट्रोलचं. वायरवाली करवत झाडावर नको. वायर पायात येते, फांदीत अडकते, कापली जाते, आणि मे अखेरीस एक सर आली की शॉक. पेट्रोलची ताकद चांगली, पण आवाज शंभर डेसिबलच्या वर, त्यामुळे कानाला मफ हवेत. शिवाय तिला नुसतं पेट्रोल चालत नाही, टू-स्ट्रोक इंजिन असतं, ठरलेल्या प्रमाणात ऑईल मिसळावं लागतं. विसरलात तर इंजिन जाम. साखळीला घालायचं ऑईल वेगळं, त्याची टाकी वेगळी. डोंबिवलीला माझ्या मेहुण्याच्या सोसायटीनं हौसेनं पेट्रोलची करवत घेतली. एक मे महिना वापरली, उरलेलं पेट्रोल टाकीतच ठेवून दिली. आजकाल पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. पुढच्या वर्षी कार्बुरेटर चोंदलेला. तिसऱ्या वर्षापासून ती जिन्याखाली पडून आहे, दरवर्षी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मात्र न चुकता दिसते. बॅटरीची करवत हलकी, आवाज कमी, लहान फांद्यांना उत्तम. पण म्हणून धोका कमी असं समजू नका. साखळी तीच, उसळीही तीच.

पाचवी गोष्ट धार. चेनसॉला धार असेल तर खाली लाकडाचे छिलके पडतात. पिठासारखा भुसा पडायला लागला की समजायचं धार गेली. मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की तोल जातो. धार लावायला गोल कानस लागते, तीही साखळीच्या मापाची, आणि प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे. साखळीचा ताण असा हवा की ती पात्याच्या खालच्या कडेला चिकटून राहील, पण हातमोजा घालून ओढली तर सरकेल. आपल्या वॉचमनदादांना पाण्याचा पंप, लिफ्ट, कचरा, कुरिअर इतकं सगळं आपण दिलेलं आहे. त्यात हे कानसकाम कोण करणार, ते ठरावात लिहिलेलं नाही.

धार जाण्याचं एक कारण आपणच आहोत. गणपतीचा मांडव, दिवाळीच्या माळा, "गाडी लावू नये"ची पाटी, सगळ्यासाठी आपण झाडाला खिळे ठोकतो. काही वर्षांत साल त्यावरून वाढते, खिळा आत गडप होतो. नंतर कधीतरी कुणाची तरी साखळी तिथं पोचते. लाकडातल्या खिळ्यावर आपटलेली साखळी तुटूही शकते. तेव्हा या वर्षीपासून झाडाला खिळा नाही, एवढं तरी आज ठरवू या.

आता झाडाचं काय झालं ते सांगतो, कारण साडेसहा हजारांत दोन नुकसानं झाली.

मुलाला दवाखान्यात नेल्यावर उरलेल्या दोघांनी घाईघाईनं काम आटोपलं. सगळ्या मोठ्या फांद्या मध्येच तोडल्या. झाडाचं मुंडण. चार खुंटं आभाळाकडे तोंड करून उभे. आम्हाला वाटलं, बरं झालं, आता चार वर्षं बघायला नको. पावसात फुटवे फुटले, झुपके आले, झाड हिरवं दिसू लागलं. आतून मात्र खुंटांच्या कापांतून पाणी शिरत होतं. खुंट कुजले, कूज खोडात उतरली. बुंध्यावर अळिंबी उगवली, पोरांनी ती काठीनं पाडली, आम्ही बघितलं आणि सोडून दिलं. २०१३ च्या जूनमध्ये एका रात्री झाड मोडलं. खाली तीन स्कूटर होत्या. रात्र होती म्हणून माणूस नव्हता.

झाड फांदी तुटल्यावर काय करतं, हे शिकवणारा मोठा माणूस म्हणजे अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आत काय होतं ते पाहिलं, आणि चिरली कशानं, तर याच चेनसॉनं. त्यांचं म्हणणं असं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती भिंती बांधतं, कूज आत कोंडून टाकतं, आणि वरून नवं लाकूड वाढवतं. फांदी जिथं खोडातून निघते तिथं एक फुगीर पट्टा असतो, सदऱ्याच्या कॉलरसारखा. ही भिंत बांधायची जागा तीच. तो पट्टा राखून त्याच्या जरा बाहेर कापलं तर झाड आपलं काम करतं. खोडाला चिकटून सपाट कापलं तर पट्टाच जातो. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. आणि कापावर डांबर किंवा रंग फासल्यानं कूज थांबत नाही. आपण ते वर्षानुवर्षं फासत आलो.

जाड फांदी तीन घावांत काढतात, हेही तेव्हा माहीत नव्हतं. पहिला काप खोडापासून फूटभर दूर, खालून, तिसरा हिस्सा जाडीइतका. दुसरा काप त्याच्या जरा पुढे, वरून. फांदी मोडते ती त्या खालच्या कापाशी थांबते, खोडाची साल सोलत खाली येत नाही. मग उरलेला हलका खुंट तिसऱ्या कापानं कॉलरच्या बाहेरून काढायचा. एका वर्षात झाडाची पाव हिश्शापेक्षा जास्त पालवी काढायची नाही. झाडाची पानं म्हणजे त्याची चालू कमाई. तीच बंद केली तर ते मुदत ठेवी मोडून खातं, आणि ठेवी संपल्या की संपलं.

वजनाचाही अंदाज आपल्याला नसतो. एक फूट जाडीची, दहा फूट लांबीची ओली फांदी दीडशे किलोच्या वर भरते. वीस फुटांवरून सुटलेली वस्तू जमिनीवर येईपर्यंत ताशी जवळजवळ चाळीस किलोमीटरचा वेग घेते. म्हणून फांदी नुसती टाकत नाहीत, दोर बांधून उतरवतात. खाली दोरी लावून जागा बंद करतात, आणि एक माणूस फक्त लोकांना अडवायला ठेवतात. मी त्या दिवशी बरोबर झाडाखालीच उभा होतो. हेल्मेट माझ्याही डोक्यावर नव्हतं.

कुणी म्हणेल, मग झाडांना हातच लावू नका. तेही बरोबर नाही. २०१७ च्या जुलैमध्ये चेंबूरला रस्त्यानं चाललेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड पडलं आणि त्या गेल्या. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, त्या दिवशी मुंबई-ठाण्यात जागोजागी झाडं पडली. आपण सगळे लॉकडाऊनमध्ये खिडकीशी उभे राहून गेटजवळचा आंबा हलताना बघत होतो. तो राहिला. २०१९ मध्ये त्याची छाटणी आपण पहिल्यांदा नीट माणसांकडून करून घेतली होती. फक्त वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्या होत्या. बुंध्याभोवतीचं काँक्रीटही आपण फोडलं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, ते वाचून मी तो आग्रह धरला. आंबा त्यामुळेच वाचला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वाऱ्याचं काही सांगता येत नाही. पण आपल्याकडून जे करायचं ते केलेलं होतं, एवढं समाधान त्या दिवशी होतं.

कायद्याचंही थोडं सांगतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे. झाड आपल्या कंपाउंडमध्ये असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि कायद्यात "तोडणे" या शब्दात जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं, सगळं आलं. आम्ही केलेलं मुंडणसुद्धा त्यात बसतं. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आहे, आणि झाड तोडायची परवानगी मिळाली तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायला सांगितली आहेत. आपला आंबा आपल्यातल्या बऱ्याच सभासदांपेक्षा वडील आहे. तेव्हा स्वतःची करवत घेऊन रविवारी सकाळी "जरा दोन फांद्या उडवू" असं करता येणार नाही, हे ठराव मांडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

मग करायचं काय? नुसता विरोध करून खाली बसणं मला आवडत नाही. म्हणून त्या ठरावाला माझी उपसूचना.

पेट्रोलची चेनसॉ घेऊ नये. त्याऐवजी लांब दांड्याची हातकरवत घ्यावी. मनगटाएवढी फांदी जमिनीवर उभं राहून कापता येते. एक छाटणीची मोठी कात्री, दोन हेल्मेट, दोन चष्मे, जाड हातमोजे आणि जागा बंद करायला दोरी. एवढ्यात आपली निम्मी कामं होतात, शिडीवर चढावंही लागत नाही. चेनसॉ लागेल असं काम, शिडी किंवा झाडावर चढायचं काम, बाहेरच्या जाणत्या माणसांकडून.

त्यांच्याकडून कोटेशन मागवताना फक्त रक्कम मागवू नये, कागदावर अटी आपण लिहून द्याव्यात. चढणाऱ्याला हार्नेस आणि दोन दोर, म्हणजे कापताना एक सुटला तरी दुसरा राहील. हेल्मेट, डोळ्यांना जाळी, कानाला मफ, बूट. जमिनीवर चेनसॉ चालवणाऱ्याला मांडी झाकणारं खास कापड. त्याच्यातले धागे साखळीत गुंतून पेट्रोलची साखळी अडवतात. वायरी जवळ असतील तर आधी महावितरणला कळवून लाईन बंद. आणि कर्मचाऱ्यांच्या भरपाईची विमा पॉलिसी, जिची प्रत कामाच्या आधी आपल्या फाईलला लागेल. ज्याच्याकडे हे नाही त्याचा दर शून्य असला तरी नको. आता कमी दर नाकारायचं कारण मला लेखी देता येतं.

परवानगीचा अर्ज मे महिन्यात घाईनं न करता नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करावा. छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत. मे महिन्यात कावळ्यांची घरटी असतात, माणसं मिळत नाहीत, आणि पाऊस डोक्यावर म्हणून जो मिळेल त्याला आपण चढवतो. मे मध्ये फक्त वाळलेल्या फांद्या बघाव्यात. पावसात झाड पडलंच, तर आपण करवत घेऊन धावायचं नाही, महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला नाहीतर अग्निशमन दलाला फोन करायचा. पडलेल्या झाडाच्या फांद्या ताणलेल्या धनुष्यासारख्या असतात, कुठली कापली की कुठली उसळेल हे सरावाच्या माणसालाच कळतं.

शेवटची सूचना बँकवाल्याची. आवारात आज लहानमोठी एक्केचाळीस झाडं आहेत. मी परवा मोजली. प्रत्येकाचं एक पासबुक करावं. नंबर, जात, बुंध्याचा घेर, कधी छाटलं, काय काढलं, ढोली किंवा अळिंबी दिसते का. आणि त्यात एक रकाना असा ठेवावा की काम कोणी केलं, त्या माणसाचं नाव. कंत्राटदाराचं नाव व्हाउचरवर येतंच. वर चढलेल्या माणसाचंही यावं.

तो रकाना मला का हवा ते सांगून संपवतो. चार-पाच वर्षांपूर्वी कळव्याच्या बाजारात मी भाजी घेत होतो. गाडीवरच्या माणसानं पैसे घेताना डावा हात जरा वेगळ्या तऱ्हेनं पुढे केला. मी वर पाहिलं. त्यानं मला आधीच ओळखलं होतं. मला त्याचं नावसुद्धा आठवेना, कारण ते कधी लिहिलंच नव्हतं. तो रागावला वगैरे नाही. उलट पिशवीत कोथिंबीर जास्तीची टाकली. मग म्हणाला, "काका, ते झाड आहे का अजून?"

मी म्हटलं, "नाही रे. पडलं ते, दोन हजार तेराला."

तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "म्हणजे झाडपण गेलं."

एवढंच बोलला, आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला. आता मी त्याच्याकडूनच भाजी घेतो. त्यानं काही फिटत नाही, हे मला कळतं.

येत्या सर्वसाधारण सभेत ठराव येईल तेव्हा माझी उपसूचना लेखी स्वरूपात सचिवांकडे असेल. खर्च थोडा वाढेल. दरमहा प्रत्येक फ्लॅटमागे किती पडतात ते मी काढलं आहे, एका वडापावपेक्षा जास्त नाहीत. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलल्या, टाक्या दुरुस्त केल्या, सोलर बसवलं, प्रत्येक वेळी चांगलं ते घेतलं. झाडावर माणूस चढवतानाही चांगलं तेच घेऊ या. ज्यांना शंका आहेत त्यांनी संध्याकाळी आंब्याच्या पारावर यावं, मी सहा ते सात तिथंच असतो.